वंगणाचा नळा

जॅकवर उचललेल्या गाडीखाली तुम्ही उताणे पडला आहात, आणि लाईट जायची वेळ झाली आहे.

शेड म्हणजे पणजोबांचा कोठा. दारव्हा रोडवरून आत वळलं की तिसरी वाट. गव्हाण होती तिथे आता स्पॅनरची ट्रॉली आहे, पण भिंतीतले खुंटे तसेच ठेवलेत. गाडी दहा-बारा वर्षांची हॅचबॅक. तिला स्पोर्ट्स कार म्हटलं तर शहाणा माणूस हसेल. पण मागची सीट, कार्पेट, स्टेपनी, जे जे सुटतं ते काढून तुम्ही तिचं चाळीसेक किलो वजन उतरवलं आहे, स्प्रिंगा कडक केल्या आहेत, पुढची चाकं वरच्या बाजूने किंचित आत कलवली आहेत. येत्या रविवारी कोइमतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर, त्या २.१ किलोमीटरच्या वेड्यावाकड्या पट्ट्यावर, तुमच्यासारखेच हौशी लोक आपापल्या गाड्या घेऊन जमणार. बक्षीस नाही, ढाल नाही. घड्याळ तेवढं असतं.

ब्रेक ऑइल आज बदललंत. हे काम हौशी माणूस टाळतो, कारण जुनं तेलही दिसायला बरंच दिसतं. पण ते हवेतलं पाणी पीत असतं. डॉट ४ चं कोरं तेल निदान २३० अंशांपर्यंत तग धरतं. पाणी प्यायलेलं १५५ च्या पुढे कधीही उकळू शकतं. उकळलं की नळीत वाफ, वाफेला दाबलं की ती नुसती दबते, पाय फळीला टेकतो आणि समोरचं वळण जवळ येतच राहतं. एवढं कळायला एकच रविवार पुरतो.

उरला तो आवाज. साठच्या पुढे गेलं की पुढून उजवीकडून घूंऽऽ असा. डावीकडे वळवली की वाढतो, उजवीकडे वळवली की मावळतो. दोन मिस्त्रींना दाखवलं. दोघांनी टायरवर ढकललं. तुम्हाला ते पटलेलं नाही, आणि दुसरं काही सुचतही नाही.

टॉर्चचा झोत भिंतीवर जातो. खुंट्याला बांबूचं एक नळकांडं लटकलंय, काळंकुळकुळीत, तोंडाशी तेल वाळून डांबरासारखं झालेलं. आजी त्याला हात लावू देत नसे. तुम्ही उठून ते काढता, नाकाशी नेता. एरंडेल. इतक्या वर्षांनीसुद्धा.

आणि लाईट जाते. विदर्भातल्या माणसाला याहून निराळं कालयंत्र लागत नाही.

बराच वेळ वाट पाहूनही ती येत नाही. मग तुमच्या लक्षात येतं की ती गेलेली नाही, अजून आलेलीच नाही. पायाखाली सिमेंट नाही, सारवण आहे. टूल ट्रॉलीच्या जागेवरून कडब्याची कुरकुर येते, आणि काळोखात कुणीतरी मोठ्यानं श्वास सोडतं. माणसाचा नव्हे.

"काहून भाऊ, जिनातले दिवाणजी नं तुमी? अंधारात काय करून राह्यले? या, पाणी धरा."

कोठ्याबाहेर गोवऱ्यांचं रिंगण पेटलं आहे. तुमच्या पँटीकडे, बुटांकडे कुणी फार पाहत नाही; यवतमाळातून आलेल्या माणसाकडून विचित्रपणाची अपेक्षाच असते. साल १९३१, जानेवारी. संक्रांत झाली आहे. वेचणी उरकत आली आहे आणि कापसाचा भाव असा पडला आहे की बंडी भरून जिनात नेण्यापेक्षा घरी ठेवलेली बरी, असं लोक म्हणताहेत. जगात मंदी आली आहे हा शब्द इथवर पोचायचा आहे. भाव आधी पोचला. तरी उद्या पट आहे. शंकरपट. शंकराच्या नंदीच्या नावानं म्हणून शंकरपट, असं लोक सांगतात. काही असो, शेतं मोकळी झाली की बैलांच्या जोड्या हलक्या छकड्याला जुंपून सरळ पट्ट्यावर पळवायच्या, हा इथला हौशी लोकांचा रविवार.

गोवऱ्यांच्या निखाऱ्यात लोखंडी कडं लाल होत चाललंय. ही चाकाची धाव. लाकडी चाक जमिनीवर आडवं टाकलंय: मध्ये बाभळीचा तुंबा, त्यातून निघालेले आरे, आणि बाहेरून जोडत नेलेले पुठे. ना खिळा, ना डिंक. नुसत्या खाचा-कुसवांवर उभं असलेलं चाक. आता हाताने हलवलं तर खुळखुळतं.

लोहारानं कडं मुद्दाम लहान ठेवलंय. तुम्ही मनात हिशेब करता, कारण तुम्हाला ती खोड आहे. चाक चार फुटांचं, म्हणजे घेर साडेबारा फूट. लोखंड सहाशे अंश तापलं तर एवढ्या लांबीत इंचभर वाढतं. लोहाराजवळ ना अंश आहेत ना तक्ता. तो सुतळीनं चाकाचा घेर घेतो, सुतळीनं कड्याचा, आणि दोन्हींतला फरक बोटाच्या पेरावर मोजतो. पेर म्हणजे इंचच, थोडं इकडेतिकडे.

"आता!"

तिघं चिमट्यांनी कडं उचलतात. लाकडावर टेकताच भडका, धूर, जळक्या बाभळीचा वास. घण पडतात, कडं खाली बसतं. "पाणी, भाऊ, पाणी! मांगं सरा, आंच लागन!" तुम्ही घागर ओतता. चर्रऽऽ. वाफेतून लागोपाठ आवाज येऊ लागतात, कट्, कट्, कट्. एकेक आरा आपापल्या खाचेत घट्ट बसत चालला आहे. लोखंड आकसतं तसतसं चाक स्वतःला आवळून घेतं. हा आवाज तुम्ही ओळखता. टॉर्क रेंच योग्य जोरावर पोचला की नेमका असाच कटकतो, आणि चार चाकांचे नट त्या आवाजाशिवाय तुम्ही कधी सोडत नाही.

सुतार म्हातारा आहे. सगळे त्याला मिस्तरीबुवा म्हणतात. त्यानं तयार झालेलं चाक उभं केलं, एक बाजू डोळ्यासमोर धरून फिरवलं, आणि कुठे काही न बोलता वासला घेऊन आऱ्यांना भिडला. तुंब्याकडच्या बाजूला हात नाही. पुठ्याजवळचं तेवढं लाकूड कोरतो, तेही पापुद्र्या-पापुद्र्यानं.

तुम्ही विचारता, वजनच कमी करायचं तर मधून का नाही?

"काठावरचा शेर बैलाले दोन शेर लागते," तो म्हणतो. मान वर करत नाही.

बरोबर आहे. काठावरचं वजन पुढे तर न्यावंच लागतं, शिवाय फिरवावंही लागतं. गतीच्या हिशेबात ते दुप्पट भरतं. अलॉय व्हीलसाठी तुम्ही दोन पगार मोजलेत ते याच वाक्यापायी, आणि तुम्हाला ते पुस्तकातून कळलं होतं. याला कुणी सांगितलं? बहुधा बैलांनी.

छकडा म्हणजे जवळजवळ काहीच नाही. बंडीची साटी नाही, खुटले नाहीत, बसायला दोन बांबूंवर एक फळी. आख धावड्याचा, कारण लोखंडी जड. धुरी तिवसाची, लवचीक आणि चिवट. पळताना खड्ड्याचा दणका ती पिऊन टाकते आणि जूपर्यंत पोचू देत नाही. तुमच्या डँपरचं काम लाकूड करतंय. तिवस कुठून आणलं, असं तुम्ही सहज विचारता आणि सगळे गप्प होतात.

जंगल राखीव आहे. गेल्या पावसाळ्यात, १० जुलै १९३० ला, वणीचे बापूजी अणे पुसदजवळ राखीव रानात शिरले आणि गवत कापून त्यांनी कायदा मोडला. सरकारनं त्यांना तुरुंगात घातलं. मिठाच्या सत्याग्रहाला समुद्र लागतो. तो इथून शेकडो कोस लांब. गवत मात्र कुंपणापलीकडे दिसतं आणि या बाजूला बैल उपाशी, हे कोणत्याही शेतकऱ्याला भाषणाशिवाय कळत होतं. धुरीच्या लाकडाचा जन्म त्यामुळे कुणी सांगत नाही. तुम्हीही पुन्हा विचारत नाही.

"मिस्तरीबुवा, झालं का?"

कोठ्यातून एक पंचविशीचा माणूस बाहेर येतो. डोक्याला मुंडासं, आणि त्याखालून बाहेर आलेले मोठे कान. बैठकीतल्या फोटोत हेच कान आहेत, तुमच्या आरशातही. पणजोबा. तुम्ही त्यांना काय म्हणणार? ते तुम्हाला रामराम घालतात, तुम्ही उलट रामराम घालता.

"चाक झालं. आता हे पाहू दे," असं म्हणून म्हातारा छकड्याचा आख दोन दगडांवर टेकवतो, चाक अधांतरी करतो. एक हात चाकाच्या डोक्यावर, एक तळाशी. दाबतो, ओढतो. मग हात बाजूंना नेतो, पुढे-मागे हलवतो. तुमची हालचाल थांबते.

"वरखाली हाललं त तुंब्याचं दुखनं. मांगंपुढं हाललं त दुसरीकडं पाहा. आवाजाच्या मांगं जाऊ नोका, भाऊ. आवाज लाकडातून कुठीबी निंगते. हात लावा."

तुम्ही हात लावता. वरखाली अगदी थोडं हलतं, कागदाच्या दोन घड्यांएवढं. काढून टाका ना ही ढिलाई, असं तुम्ही म्हणता. तो पहिल्यांदाच हसतो. पळताना तुंबा तापतो, लाकूड फुगतं. आता घट्ट बसवलं तर अर्ध्या पटात चाक आखाला धरेल. किती ढील ठेवायची, हीच त्याची विद्या आहे. बाकी सगळं लोहार करतो.

मग वंगण. खुंट्यावरचं नळकांडं खाली येतं, तेच, पण अजून हिरवट-पिवळं, नवं. आधी घासलेटाचं फडकं आखावर फिरतं, जुना थर खरवडून निघतो. एरंडेलाचा गुण आणि अवगुण एकच, ते चिकटतं. तापलं तरी धातूला-लाकडाला सोडत नाही, आणि साचलं तर राळेसारखं घट्ट होतं. म्हणून जुन्यावर नवं ओतायचं नाही. नव्यात जळक्या काडाची काजळी घालतात, आणि थंडीत ते घट्ट होऊ नये म्हणून नळा निखाऱ्याजवळ धरतात.

इथे तुम्हाला एक गोष्ट सांगावीशी वाटते आणि सांगता येत नाही. याच वेळी तिकडे विलायतेत शर्यतीच्या मोटारी आणि त्याआधी महायुद्धातली विमानं हेच तेल पिऊन पळत होती. वेकफिल्डच्या कंपनीनं १९०९ मध्ये आपल्या तेलाला कॅस्ट्रॉल नाव दिलं ते इंग्रजीतल्या कॅस्टर म्हणजे एरंडावरूनच. पेट्रोलमध्ये विरघळत नाही, उष्णतेत पातळ होऊन पळून जात नाही, म्हणून. रेसच्या मैदानावरचा तो गोडसर जळका वास कित्येकांना जन्मभर पुरला. दारव्हा रोडवरच्या कोठ्यात तो फुकट आहे.

बैलांची जोडी बाहेर आणली जाते. गवळाऊ रक्ताची, वर्ध्याकडची जात, पांढरी, अंगानं हलकी, पायानं चपळ. पणजोबा उजव्या बैलाच्या खांद्यावर हात फिरवतात आणि हात तिथेच थांबतो.

"बुवा, खांदा गरम लागते."

सूज नाही, जखम नाही, पण ऊन लागतंय. कापसाच्या बंडीनं आलेलं. पोळ्याच्या आदल्या दिवशी हळद आणि लोणी लावून खांदे शेकतात, ते वर्षातून एकदा. हे दुखणं मधलं. घरातून हळद येते. पण पट उद्या सकाळी आहे, आणि तुम्हाला वाटतं आता हा माणूस काय करतो पाहू.

म्हातारा जू मागवतो. त्याच्या मधोमध, धुरी बांधायच्या जागी, वर्षानुवर्षांच्या दोरानं घळ पडली आहे. तो त्या घळीपासून डावीकडे दोन बोटं मोजतो आणि तिथे नवी खाच पाडतो. एवढंच.

तुम्हाला ते उलगडायला क्षण जातो. तराजूचा न्याय. धुरी डाव्या बैलाकडे सरकली, म्हणजे उजव्याची बाजू लांब झाली. लांब बाजूच्या वाट्याला भार कमी. तुम्ही मागच्या महिन्यात नागपुरात चार काट्यांवर गाडी उभी करून, प्रत्येक चाकावर किती वजन येतं ते मोजून, स्प्रिंगेच्या चकत्या फिरवल्या होत्या. अख्खा शनिवार गेला. इथे दोन बोटं.

"एवढ्यानं पळेल?" तुम्ही विचारता.

"पयला नंबर नाही येनार," पणजोबा म्हणतात.

म्हातारा लाकडाचा भुगा फुंकतो. "गाडी कितीबी कोरतो मी. बैलाले वासला लावता येत नाही नं."

सकाळी धुकं आहे. काळ्या रानात दोन सरळ चाकोऱ्या आखल्या आहेत, ढेकळं फोडून, पाणी शिंपडून, दाबून. दोन्ही बाजूंना माणसं, झाडांवर पोट्टे. धुरकरी म्हणून पणजोबा फळीवर बसलेले नाहीत, टेकलेले आहेत. सगळा भार पायांवर. रुमाल पडतो.

पुढचं सांगण्यासारखं फार नाही, कारण ते फार टिकत नाही. धूळ, आरोळी, खुरांचा एकच लांब आवाज, आणि त्याखालून तुमच्या कानाला मुद्दाम ऐकू येणारी आखाची शांतता. कुरकुर नाही. शेजारची जोडी मानेनं पुढे जाते आणि तशीच राहते.

ती जोडी नंतर तुमच्याजवळून नेली जाते. एका बैलाच्या पुठ्ठ्यावर तीन-चार ठिकाणी रक्ताचे थेंब आहेत. तिच्या धुरकऱ्याच्या हातात तुतारी आहे, टोकाला खिळा मारलेली काठी. शेपटी पिळून सुजलेली आहे. लोक त्याच्या डोक्यावर गुलाल टाकताहेत. पटाच्या आठवणी सांगणारे हा भाग गाळतात. आजीनंही कधी सांगितला नव्हता. तुम्ही पणजोबांकडे पाहता. त्यांच्याही छकड्याच्या फळीखाली तुतारी खोचलेली आहे. आज ती काढली नाही, एवढं खरं. दर वेळी काढली नसेल, असं तुम्ही म्हणू शकत नाही.

धुळीत डोळे चोळता, आणि लाईट येते. जाते. पुन्हा येते. प्रत्येक झपक्याला वर्षं उलटतात. लाकडी तुंब्यात लोखंडी बेअरिंग येते. धाव जाऊन रबर येतं. बांबूच्या जागी पाइप. लोहाराच्या जागी वेल्डिंगचं दुकान, आणि गोवऱ्यांचं रिंगण कुठेच नाही. एरंडेलाचा नळा खुंट्यावर चढतो तो चढतोच, आता ग्रीसचा डबा असतो. रुमालाच्या जागी सेकंदाचे तुकडे पाडणारं घड्याळ.

एका झपक्यात रान सुनं दिसतं. जुलै २०११ मध्ये केंद्रानं बैलाला खेळ-प्रदर्शनात वापरायला मनाई असलेल्या प्राण्यांच्या यादीत घातलं. ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयानं जल्लीकट्टूबरोबर शर्यतीही थांबवल्या. २०१७ मध्ये महाराष्ट्रानं कायदा बदलला, तो उच्च न्यायालयात अडला. १६ डिसेंबर २०२१ ला सर्वोच्च न्यायालयानं अटींवर वाट मोकळी केली, आणि १८ मे २०२३ ला घटनापीठानं तो कायदा मान्य केला. आता शर्यत १००० मीटरच्या पुढे नाही, आणि काठी, चाबूक, टोचणी यांना बंदी. शेजारच्या अमरावती जिल्ह्यात तळेगाव दशासरच्या पटात बायकाही कासरा धरतात. नियम कागदावर चांगला आहे. फळीखाली काय खोचलेलं असतं ते प्रत्येक पटात वाकून पाहावं लागेल.

आणखी एक झपका, आणि ट्यूबलाईट स्थिरावते.

तुम्ही सिमेंटवर उभे आहात. हातात नळकांडं आहे, काळं, कोरडं. बोटांना वास लागला आहे आणि तो हँडवॉशनं जाणार नाही.

गाडी अजून जॅकवर आहे. तुम्ही उजव्या पुढच्या चाकापाशी उकिडवे बसता. एक हात वर, एक खाली. दाबता, ओढता. टक्. फार बारीक, पण आहे. हात बाजूंना नेता, हलवता. तिथे काहीच नाही. पुन्हा वरखाली. टक्. तुंब्याचं दुखणं.

टायर नव्हताच. इथे म्हाताऱ्याची ढीलही उपयोगाची नाही. या बेअरिंगला एवढंही चालत नाही. ती कुणी खाचून किंवा फुंकून दुरुस्त करत नाही, दाबयंत्रानं काढून नवी बसवतात. आणि तसल्या चाकानं, कडक टायरवर, एकाच बाजूच्या वळणात पुन्हा पुन्हा भार टाकायचा म्हणजे काय, हे तुम्हाला आता उगाच फार स्पष्ट दिसतं.

तुम्ही नागपूरच्या दुकानाला फोन लावता. माल आहे म्हणतात, पण बसनं रविवारच्या आधी पोचवायचा तर वेगळे पैसे पडतील.

"अर्जंट आहे का, दादा?"

तुम्ही नळा खुंट्याला परत अडकवत असता. दोरी जुनी आहे, गाठ जपून मारावी लागते.

"नाही," तुम्ही म्हणता. "सोमवारी पाठवा."